बी-अलाइन की पी-टू-अलाइन?

जीएनयू असेंबलरमध्ये (असेंब्ली भाषेचं मशीन कोडात रूपांतर करणारा प्रोग्राम) कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिताना प्रोसेसरच्या सूचना मेमरीत ठरावीक सीमेवर, म्हणजे ठरावीक संख्येने भाग जाणाऱ्या पत्त्यावर, बसवायच्या तर तीन डिरेक्टिव्ह (असेंबलरला द्यायचे आदेश) हाताशी असतात: अलाइन, बी-अलाइन आणि पी-टू-अलाइन. यातलं साधं अलाइन मी आधीच बाजूला ठेवतो. ‘अलाइन 16’ म्हणजे लिनक्सच्या एक्स86 वर 16 बाइट, आणि तीच ओळ 64 बिट आर्मवर 2 चा 16वा घात, म्हणजे 65,536 बाइट. एकाच आर्किटेक्चरवर राहणार असाल तर काही बिघडत नाही. खुद्द लिनक्सच्या आर्म64 भागात एक्सेप्शनच्या तक्त्याआधी (इंटरप्ट किंवा चूक आली की प्रोसेसर जिथे उडी मारतो तो कोड) ‘अलाइन 11’ लिहिलेलं आहे. कोड पुढे दुसऱ्या प्रोसेसरवर न्यायचा असेल तर मात्र नको.

उरलेल्या दोघांचा अर्थ कुठेही बदलत नाही. बी-अलाइनला बाइट सांगायचे, पी-टू-अलाइनला 2 चा घात. मधली जागा कशाने भरायची आणि जास्तीत जास्त किती बाइट सोडायचे, हे दोघांनाही सांगता येतं. (कोडच्या मधोमध भरायला शून्य मात्र देऊ नका. काहीच दिलं नाही तर असेंबलर नोप, म्हणजे काहीच न करणाऱ्या सूचना, भरतो. आर्म64 वर सगळे बिट शून्य असलेली सूचना अवैध असते.)

मग निवड कशावरून करायची? माझी एका आकड्यावरून झाली.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या रास्पबेरी पाय 3 या छोट्या आर्म संगणक-बोर्डावर मी छोटा कर्नल लिहीत होतो. टायमरचा इंटरप्ट नीट चालायचा. कुठेतरी छपाईची एक ओळ वाढवली की बोर्ड गप्प, ओळ काढली की पुन्हा सुरू. तीन रात्री मी टायमरचाच कोड उसवत बसलो. शेवटी नकाशा फाइल (कुठला कोड कुठल्या पत्त्यावर बसला ते सांगणारी) उघडली, तर एक्सेप्शनचा तक्ता हेक्समध्ये 82सी00 वर बसलेला. आर्म64 ला तो 2,048 बाइटच्या सीमेवर लागतो; तक्त्याचा पत्ता ठेवणारं व्हीबार रजिस्टर खालचे 11 बिट धरतच नाही. त्यामुळे प्रोसेसर 82800 पासून मोजून भलत्याच कोडात उडी मारत होता. मी पी-टू-अलाइनला घात 11 ऐवजी 10 दिला होता. पत्ता नशिबाने जुळला की चालायचं, एरवी नाही.

खटकलं ते हे की असेंबलरने चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कसा? 10 हाही वैध घातच. बी-अलाइनमध्ये 2048 चं 2084 झालं असतं तर संख्या 2 चा घात नाही म्हणून बिल्ड तिथेच अडलं असतं. शिवाय आर्मच्या मॅन्युअलमध्ये 2 केबी म्हटलंय, कोडात 2048 दिसतं. पडताळणाऱ्याला मनात गणित करावं लागत नाही.

जीसीसी या कंपायलरने काढलेलं असेंब्ली रोज वाचणाऱ्याला पी-टू-अलाइनच अंगवळणी पडलेलं असेल, कारण एक्स86 वर कोडच्या भागात जीसीसी तेच लिहितो. मॅक्रोला घातच मिळत असेल तर तिथेही ते सोयीचं, आणि अशा ठिकाणी मी ते अजून वापरतो. हाताने लिहायच्या तक्त्यांना मात्र बी-अलाइनच.