जावातली लिस्ट: इंडेक्सने फिरायचं की इटरेटरने?

एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, दोन्ही चालतात, मग वापरू कुठलं?" इंडेक्स म्हणजे घटकाचा क्रमांक (आय), इटरेटर म्हणजे एकामागून एक घटक हाती देणारा मदतनीस. चालतात खरे, पण सगळीकडे सारखे नाहीत.

वेग: अ‍ॅरेलिस्टवर (घटक सलग साठवणारी लिस्ट) फरक नगण्य, त्यावर वाद घालू नका. लिंक्डलिस्टवर (इथे प्रत्येक घटक फक्त शेजाऱ्यांना ओळखतो) मात्र गेट(आय), म्हणजे आय क्रमांकाचा घटक मागणं, दर वेळी जवळच्या टोकापासून नव्याने चालत जातं. 1 लाख घटक असतील तर ही पायपीट सुमारे अडीच अब्ज पावलांवर जाते. इटरेटर आपली जागा धरून असतो, त्याला लाखभर पावलं पुरतात.

मध्येच घटक काढणं: खरी गोची इथे. इंडेक्सने काढलात की पुढचा घटक मागे सरकतो, आय मात्र पुढे जातो. एक घटक न तपासताच सुटतो आणि एररही येत नाही. शेवटाकडून उलटं फिरलात तर वाचता. इटरेटरचं स्वतःचं रिमूव्ह हे नीट सांभाळतं. मात्र फॉर-ईचच्या (प्रत्येक घटकावर आपोआप फिरणारा लूप) आत थेट लिस्टमधून काढलंत, तर बहुधा कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन ही एरर येते. मला तेच बरं वाटतं, निदान बोंब तरी मारतं.

आवाका: हॅशसेट या क्रम नसलेल्या संचाला इंडेक्स नाहीच, तिथे इटरेटरच, विषय संपला.

टायपिंग: इटरेटरला दर वेळी 'पुढे आहे का', 'पुढचा दे' म्हणणाऱ्या हॅजनेक्स्ट-नेक्स्टचा कंटाळा 2004 च्या जावा 5 मधल्या फॉर-ईचने मिटवला, लिस्ट-सेटसारख्या कलेक्शनवर आतून तो इटरेटरच वापरतो.

तेव्हा नुसतं वाचायचं असेल तर फॉर-ईच. शेजारच्या घटकांची तुलना किंवा दर तिसरा घटक हवा, तर अ‍ॅरेलिस्ट आणि इंडेक्स. गाळायचंच असेल तर अट देऊन घटक काढणारं, जावा 8 पासूनचं रिमूव्हइफ. काढता काढता आणखी काही करायचं असेल, तरच उघडा इटरेटर.