सुरी नंतर, आधी दगड

घरच्या स्वयंपाकाला चांगली सुरी कोणती घ्यावी, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: घरात धारेचा दगड आहे का? नसेल तर दोनशेची घ्या नाहीतर चार हजारांची, थोड्याच महिन्यांत दोन्ही टोमॅटो सारखाच चेचतील.

माझी सगळी नोकरी वाळूज एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये झाली. डाय, पंच, कटर. दिवसभर धारच बघायची. निवृत्त झालो आणि भाजी चिरायचं खातं माझ्याकडे आलं, कारण हिचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत आणि विळी ओट्यावर चढवून जमत नाही. सध्या ओट्यावर तीन सुऱ्या आहेत: व्हिक्टोरिनॉक्सची आठ इंची, नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत घिसाड्याकडून, म्हणजे भटक्या लोहाराकडून, घेतलेली, आणि जावईबापूंनी दिलेली एक नक्षीदार.

व्हिक्टोरिनॉक्स ही १८८४ पासूनची स्विस कंपनी, घडीच्या लाल चाकूमुळे सगळ्यांना माहीत. स्वयंपाकाच्या सुरीचं रूप मात्र अगदी सरकारी: काळी प्लास्टिकची मूठ, ना रिव्हेट ना चकाकी. हात ओला असो की तेलकट, मूठ घसरत नाही. पातं ऐरणीवर घडवलेलं नाही, पत्र्यातून कापून काढलेलं आहे. यावर नाक मुरडणारे भेटतात, त्यांना ‘फोर्ज्ड’ असा शिक्का लागतो. मला विचाराल तर तो शिक्का शेवटी बघायचा. पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून बुडवून कडक कसं केलंय, आणि धारेच्या मागे पातं किती बारीक घासलंय, सुरी कापते ती या दोन गोष्टींवर.

हिच्या पोलादात साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं. कडकपणा रॉकवेल सी मापावर ५५-५६. जपानी व्हीजी-१० पोलादाच्या सुऱ्या ६० च्या आसपास जातात, आणि आकडा जास्त म्हणजे माल भारी, असं दुकानदार ऐकवतो. टूलरूममधलं शिकाऊ पोरगंही सांगेल, कडकपणा वाढला की ठिसूळपणा पाठोपाठ येतो. ६० ची धार जास्त टिकते हे खरं. पण कोंबडीच्या हाडावर बसली किंवा डांगराच्या सालीत तिरकी अडकली, की कपची उडते, आणि तो खड्डा दगडावर घासून काढता काढता खांदे भरून येतात. ५५ ची धार उडण्याआधी वाकते, आणि दगडावर पाच-दहा मिनिटांत परत उभी राहते. ज्या घरात एकच सुरी चार जणांच्या हातात जाते, तिथे मला वाकणारी धार परवडते.

पाठ व्हर्नियरने मोजली तर मुठीजवळ अडीच मिलिमीटरच्या आत, आणि टोकाकडे उतरत जाते. त्यामुळे कांदा चिरताना पातं कुठे अडत नाही. कोशिंबिरीचा बारीक कांदा, भेंडी, पिकलेला टोमॅटो, यात हिच्यापुढे बाकीच्या दोघी उभ्या राहत नाहीत. हात लहान असेल तर आठऐवजी सहा इंचीच बघा. लांब पात्याच्या धाकाने माणूस सुरी धरायलाच बिचकतो.

आता घिसाड्याची. माझं गाव लोहा तालुक्यातलं, त्यामुळे मार्गशीर्षातली माळेगावची खंडोबाची यात्रा शक्यतो चुकवत नाही. लोक घोडे आणि गाढवांचा बाजार बघतात, मी घिसाड्यांच्या पालांपुढे रेंगाळतो. सांडशी आणि हातोडी गड्याच्या हातात, घण बाईच्या हातात. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा तोडून त्यातून विळे, खुरपी, सुऱ्या निघतात. गॅरेजवाले ज्याला भंगार म्हणतात ते लोखंड खरं तर उत्तम असतं. कमानीला आपल्याकडे बऱ्याचदा ईएन-४५ नावाचं पोलाद वापरतात, त्यात अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर कार्बन आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज. सुरीला एवढं पुष्कळ झालं.

पाणी देताना या गड्याने पातं सगळं बुडवलं नाही. धारेकडचा भाग तेवढा बुडवला, पाठीतली धग परत धारेकडे येऊ दिली, रंग बघितला आणि मग पुन्हा पाण्यात. आमच्याकडे याच कामाला भट्टी, थर्मोकपल आणि तक्ता लागायचा. त्याने अडीचशे सांगितले, मी अडीचशे दिले. त्या घणाचे दहा ठोके मारून दाखवावेत आणि मग घासाघीस करावी.

तरी डोळ्यांवर कातडं ओढून कौतुक करणार नाही. जुन्या टूलरूममधल्या पोरांकडून ही सुरी रॉकवेलच्या मशीनवर तपासून घेतली. पाठीच्या बाजूलाच तपासली, कारण तपासणीचा बारीक खळगा पात्यावर राहतो. ही म्हणाली, “आता सुरीचाबी बीपी बघायलेत का?” टोकाकडे आणि मुठीकडे कडकपणात चार-पाच अंकांचा फरक निघाला. हाताने दिलेलं पाणी आहे, एवढं चालायचंच. खरी अडचण जाडीची आहे. पाठ चार मिलिमीटर. डांगर फोडायला, कोंबडी तोडायला, उसाची कांडी करायला झकास. पण गाजरावर ठेवली की गाजर चिरलं जात नाही, धार अर्ध्यात असतानाच पुढे कडकन फुटतं. कांद्याला तेच. शिवाय साधं लोखंड, त्यामुळे कैरी किंवा लिंबू चिरलं की पातं काळं पडतं. तो काळेपणा घासून काढू नये, तो गंज नाही, उलट तांबड्या गंजाला थोडा आवरच घालतो. मात्र कोशिंबिरीचा कांदा या सुरीने चिरू नका, त्याला लोखंडाची चव लागते.

तिसरीबद्दल लिहिताना जरा जपून, कारण जावईबापू हे वाचणार आहेत. तर आधी सांगतो, डबा फार सुंदर आहे. पात्यावर लाटांची नक्षी, डब्यावर ‘दमास्कस’ (लाटांच्या नक्षीसाठी प्रसिद्ध जुन्या पोलादाचं नाव) आणि ‘६७ थर’. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसल्या पुष्कळ आहेत. खरोखर थर जोडलेलं पातं असेल तर त्या थरांच्या रेघा पाठीवरही दिसायला हव्यात. इथे पाठ कोरी. आणि दोन्ही बाजूंची नक्षी आरशात बघितल्यासारखी तंतोतंत एक. बाराशे नंबरचा पॉलिशपेपर एका कोपऱ्यात हलकेच फिरवला तर लाट गेली. लेझरने छापलेली होती. कापायला सुरी अगदीच वाईट नाही, पण धार दोन-तीन भाज्यांतच झोपते.

याचं मला जास्त लागतं, कारण ज्या पोलादाची ही नक्कल आहे ते आपल्या शेजारचं. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे गाव एकेकाळी पोलादासाठी नावाजलेलं होतं, इराणी व्यापारी तिथे येऊन माल घेऊन जात. त्या पोलादावरच्या लाटा आतल्या स्फटिकांच्या रचनेतून उमटायच्या, वरून काढलेल्या नसायच्या.

नवीन सुरी घ्यायची तर ऑनलाइन चित्र बघून घेण्यापेक्षा दुकानात हातात धरा. गुलमंडीकडच्या भांड्यांच्या दुकानांत मी जातो तेव्हा खिशात एक चुंबक आणि एक बारीक कानस असते. चुंबक चिकटलं नाही तर ते ताट-वाटीचं स्टील, त्याला पाणी चढतच नाही, सुरी खाली ठेवा. चिकटलं म्हणून लगेच पैसे काढू नका, स्वस्तातलं ४३० नंबरचं स्टीलही चिकटतं आणि तेही कडक होत नाही. म्हणून कानस. धारेपासून लांब, मुठीच्या कडेला हलकी ओढायची. घसरली किंवा जेमतेम चावली तर पाणी दिलेलं आहे, सहज चावली तर पातं मऊ आहे. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण कानस लावू देत नाही त्याच्याकडून मी सुरी घेत नाही. मग धार उजेडाकडे धरून बघायची. नीट धार उजेडात दिसत नाही, पांढरा ठिपका चमकला तर तिथे ती बोथट आहे. मुठीत फट असेल तर पाणी आणि खरकटं आत जातं, तीही नको.

आणि दगड. एका बाजूला खरखरीत ४००, दुसऱ्या बाजूला बारीक १००० नंबर, असा जोडदगड घरासाठी पुरे. दहा मिनिटं पाण्यात ठेवायचा, खाली ओलं फडकं घालायचं म्हणजे सरकत नाही. कोन १५ अंशांचा ठेवायचा म्हणतात, पण घरात कोनमापक घेऊन कोण बसणार? पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण १२ मिलिमीटर वर धरा, कोन आपोआप जमतो. पातं ३० रुंद असेल तर ८. घिसाड्याच्या सुरीला मी मुद्दाम जास्त, २० अंशांपर्यंत ठेवतो, कारण ती हाडावर जाते.

एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला नखाला बारीक बर, म्हणजे उलटलेल्या धातूची कड, लागेपर्यंत. बर लागली म्हणजे धारेपर्यंत पोहोचलात, त्याआधी पालटू नका. शिकणारे इथेच चुकतात, चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे, आणि धार येत नाही म्हणून दगडाला शिव्या. मग दुसरी बाजू, मग १००० वर हलक्या हाताने, आणि शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून बर झाडायची. दगड नसेल त्या दिवशी लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीचा तळ वापरा. त्याच्या कडेला चकाकी नसते, तेवढ्यापुरतं काम भागतं.

गल्लीत सायकलवर चाक घेऊन धारवाला येतो. विळी, कोयता खुशाल द्या. पातळ सुरी द्यायची तर समोर उभं राहून सारखी पाण्यात बुडवायला लावा. कोरड्या चाकावर धार तापते, निळी झाली की तिथलं पाणी गेलं, आणि तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरणार असाल तर वरचं सगळं वाचायची गरज नव्हती. सागाची फळी सुताराकडून करून घ्या किंवा प्लास्टिकची आणा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून सुरी धुतली की लगेच पुसा. घिसाड्याच्या सुरीला तेलाचा हात लागतो, पण आपल्या घरातलं करडईचं तेल लावू नका. ते वाळून चिकट थर धरतं. खोबरेल लावा.

हिचं मत विचारलं तर ती अजून विळीच्याच बाजूची. तिचं माहेर औशाकडचं, येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, भज्जीला (मिश्र भाजीला) मेथी, पातीचा कांदा, गाजर असं ढिगाने चिरायचं असतं, आणि दोन्ही हातांत जुडी धरून विळीवर सरसर चिरणाऱ्या बायकांपुढे माझी स्विस सुरी मागे पडते, हे मी स्वतः बघितलंय. त्या दिवशी ती लेकीला खाली बसवते, स्वतः खुर्चीवरून सांगते, आणि मला म्हणते, “तुमचं दुकान तिकडं घ्या.”

एकच सुरी घ्यायची असेल तर व्हिक्टोरिनॉक्स किंवा तसलीच पातळ पात्याची, साधी, ५५-५६ ची, आणि सोबत दगड. घरात मांसाहार असेल तर जोडीला घिसाड्याची. नक्षीवाली घेऊ नका. पुढच्या माळेगावला मी त्याच घिसाड्याला पाठ चारऐवजी अडीच मिलिमीटरवर आणायला सांगणार आहे. एवढं ठोकायचं म्हणजे तो दुप्पट मागेल.