ऑरगॅनिक मॅप्स : घाटातल्या वळणांसाठी ५ पैकी ४

आधीच सांगतो, ४ स्टार देतोय, पण फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि रेंज नसली तरी चालतं एवढ्यासाठी नाही, ते सगळेच लिहितात. माझे ४ स्टार या नकाशाच्या अॅपात घाटातला रस्ता कसा साठवलाय त्यासाठी आहेत.

कोल्हापुरात राहून नकाशा तपासायचा तर शहरात तपासून काय उपयोग नाही भावा. राजारामपुरीत पहिली गल्ली दुसरी गल्ली मोजत गेलं तरी माणूस पोचतो, तिथं कुठलंही अॅप पास. खरी परीक्षा गगनबावड्याच्या पुढं, करूळ नाहीतर भुईबावडा घाट उतरायला लागलं की. रस्ता स्वतःच्याच खाली वळून येतो, वरची पट्टी आणि खालची पट्टी नकाशावर जवळजवळ चिकटलेल्या, आणि मोबाइलचा जीपीएस झाडीत नि कड्याखाली पाच-दहा मीटर इकडंतिकडं करतोच. त्यात नकाशातली रेषच जर दोन-चार मीटर सरकलेली असली तर दोन्ही चुका एकावर एक बसतात आणि बाण बिनधास्त खालच्या पट्टीवर उडी मारतो. आमच्या एका पाहुण्याच्या गाडीत कंपनीनं बसवून दिलेलं नेव्हिगेशन आहे, नाव घेत नाही, त्यात ही उडी अशी काय बघितलीय की बाई 'उजवीकडे वळा' म्हणतीया आणि उजवीकडं नुसती दरी. ऑरगॅनिक मॅप्समध्ये त्याच घाटात बाण रस्त्यावर राहिला. मी सर्व्हे आणि ऑटोकॅडचं (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं) काम करतो त्यामुळं डोक्यात किडा शिरला, आणि आत काय आहे ते उकरून बघितल्याशिवाय चैन पडेना.

तर आत काय आहे. अॅपचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून काढलेल्या नकाशाचा, आणि ओपनस्ट्रीटमॅपला गोल ही भानगडच माहीत नाही. त्यांच्या साइटवर एडिट दाबून करूळचं एखादं वळण मोठं करून बघा, ठिपके दिसतील आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या सरळ रेघा, बास. प्रत्येक ठिपका म्हणजे अक्षांश आणि रेखांश, दशांशाच्या पुढं ७ आकडे, म्हणजे साधारण सेंटीमीटरपर्यंत बारीक. एका सलग रस्त्याला जास्तीत जास्त २००० ठिपके चालतात, पुढं रस्ता तोडून दुसरा तुकडा सुरू करायचा.

आता ऑटोकॅडवाल्याला हे बघून पहिल्यांदा हसूच येतं. आमच्याकडं पॉलिलाइनला, म्हणजे ठिपके जोडत काढलेल्या रेषेला, बल्ज नावाचा फुगवट्याचा आकडा असतो, दोन ठिपके द्या आणि एक आकडा, की कंस तयार. त्या कंसाच्या मध्यकोनाच्या चौथ्या भागाचा टॅन म्हणजे बल्ज, त्यामुळं अर्ध्या वर्तुळाचा बल्ज बरोबर १ येतो. अख्खं हेअरपिन, म्हणजे घाटातलं यू-सारखं वळण, दोन ठिपक्यांत आणि एका १ मध्ये मावतं! मग नकाशावाले ठिपक्यांची रांग का लावतात?

गणित करून बघितलं. समजा वळणाची त्रिज्या १५ मीटर, अर्धं वर्तुळ. ते ६ सरळ तुकड्यांत काढलं तर तुकड्याच्या मधोमध रेष खऱ्या रस्त्यापासून जेमतेम अर्धा मीटर आत जाते आणि लांबी ४७.१ ची ४६.६ मीटर भरते. कुणाला कळणार पण नाही. तेच ३ तुकड्यांत काढलं की रेष २ मीटर आत सरकते आणि लांबी ४५ वर येते. आणि कुणी महाभागानं मधले सगळे ठिपके उडवून वळणाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच रेघ मारली तर ४७ चे ३० मीटर झाले, आणि गाडी नकाशात डोंगरातनं आरपार. घाटात अशी वळणं एकामागं एक असतात, म्हणजे अंतर पण चुकणार नि पोचायची वेळ पण. पाहुण्याच्या गाडीतला तो नकाशा बहुतेक याच जातीचा असावा.

उलट पुणे-बंगळूर हायवेला ५०० मीटर त्रिज्येचं मोठं वळण घ्या, तिथं तोच अर्ध्या मीटरचा हिशोब धरला तर साधारण ४५ मीटरला एक ठिपका पुरतो, आणि सरळ पट्ट्याला तर दोन टोकांचे दोनच. म्हणजे सगळीकडं सारखे ठिपके टाकत सुटणं हा नुसता जागेचा नास आहे, वळण जेवढं आवळलेलं तेवढे दाट ठिपके हवेत.

आणि कुठले ठिपके ठेवायचे कुठले उडवायचे हे ठरवायची रीत काय आजची नाही. डग्लस आणि प्यूकर या दोघांनी १९७३ मध्ये छापलेली आहे, त्याच्या आदल्या वर्षी रामर नावाच्या माणसानं पण जवळपास हीच मांडली होती. गवंडी भिंतीला सुतळी ताणून बघतो ना कुठं पोट आलंय, तसंच आहे ते. रस्त्याच्या दोन टोकांत सुतळी ताणायची, सगळ्यात लांब असलेला ठिपका शोधायचा, तो ठरवलेल्या मापापेक्षा लांब असला तर ठेवायचा आणि तिथनं दोन भाग करून परत तेच, नसला तर मधले सगळे उडवायचे. हेअरपिनचा मधला ठिपका यात कधीच उडत नाही कारण तोच सगळ्यात लांब असतो (माप बेतात ठेवलं असलं तर, हे महत्त्वाचं).

ऑरगॅनिक मॅप्स शहाणपणा इथं करतं. एकाच रस्त्याची वेगवेगळ्या झूमसाठी वेगवेगळी रेष फाइलमध्ये ठेवलेली असते. अख्खा जिल्हा दिसत असताना घाट म्हणजे एक वेडीवाकडी रेघ, जवळ आलात की सगळी वळणं जागेवर. लांबून बघताना कधी करूळच्या दोन पट्ट्या एकमेकींना कापल्यासारख्या दिसल्या तर घाबरू नका, ही सुतळीची रीत एका वेळी एकेका तुकड्यापुरतंच बघते, शेजारून काय जातंय त्याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

जागा वाचवायची दुसरी युक्ती मला जास्त आवडली. प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण पत्ता लिहायचा तर ८ बाइट लागतात, ४ अक्षांशाला ४ रेखांशाला. पण वळणातला पुढचा ठिपका मागच्यापासून आठेक मीटरवरच आहे, मग नुसता फरक लिहायचा. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा ज्यात येतो ती पीबीएफ फाइल असंच करते, आणि आकडा लहान असला तर बाइट पण कमी घेते. ७ दशांशांत ८ मीटर म्हणजे ७२० च्या आसपास आकडा, तो २ बाइटमध्ये बसतो, अक्षांशाचे २ नि रेखांशाचे २, म्हणजे ८ चे ४ झाले. दशांश ५ वर आणले, म्हणजे मीटरभराची बारकाई, तर तोच फरक ७ च्या आसपास येतो आणि एका बाइटमध्ये मावतो, ठिपका २ बाइटमध्ये खल्लास. आता वळणात जास्तीचे ठिपके टाकायला कुणाचं काय जातंय? बल्जची श्रीमंती इथंच संपते, नादखुळा काम आहे हे.

शिवाय घाटातली वळणं काय कंपासनं काढलेली नसतात. खरा कंस, त्याच्या आधी-नंतर हळूहळू आवळत जाणारा स्पायरल, हे हायवेच्या आणि रेल्वेच्या ड्रॉइंगवर शोभतं, आणि स्वयंचलित गाड्यांच्या सिम्युलेशनला लागणाऱ्या ओपनड्राइव्ह फाइलमध्ये रस्ता खरंच तसा रेघ, कंस आणि स्पायरल असा साठवतात. तिथं ते पाहिजेच, गाडीनं स्टिअरिंग किती फिरवायचं ते त्यावरून कळतं. पण भुईबावड्याचं वळण दरडीनं, गटारीनं आणि एसटीच्या टायरनं ठरवलेलं असतंय, त्याला त्रिज्या विचारून काय करणार. वर परत स्क्रीनवर काढताना मोबाइल कंसाचे सरळ तुकडेच करतो. पोस्टजीआयएससारख्या डेटाबेसला कंस साठवता येतो पण तिथंही पुष्कळ कामांसाठी त्याचे आधी सरळ तुकडेच करावे लागतात, किती ते आपण सांगितलं नाही तर पाव वर्तुळाचे ३२.

एक स्टार का कापला ते सांगतो. लाइव्ह ट्रॅफिक नाही. संध्याकाळी दसरा चौक नाहीतर महाद्वार रोडला हे तुम्हाला गर्दीतच घालणार, त्याला गर्दी दिसतच नाही. शहरात पार्सल पोचवणाऱ्यांनी याच्या नादाला लागू नये. दुसरं म्हणजे वळण चुकलेलं दिसलं तर अॅपमधनं दुकानाचं नाव दुरुस्त करता येतं पण रस्ता हलवता येत नाही, त्याला कॉम्प्युटरवर ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर जायला लागतं. आणि तिथं दुरुस्ती केली तरी ती लगेच मोबाइलवर येत नाही, नकाशाचं पुढचं अपडेट निघेपर्यंत थांबा. दाट झाडीत सॅटेलाइट फोटोवर रस्ताच दिसत नाही, तिथं फोटो बघून अंदाजपंचे ठिपके ठेवू नका, गाडीवरनं जाताना जीपीएसचा माग रेकॉर्ड करा आणि त्याच्यावरनं ठेवा, दोन-तीन माग असले तर अजून बरं.

टाकणार असाल तर वायफायवर महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून घ्या, गगनबावड्यात जाऊन डाउनलोड दाबत बसू नका. आणि कोकणात उतरायच्या आधी तुमच्या पायाखालचं एक वळण, पन्हाळ्याचं म्हणा नाहीतर आंबा घाटातलं, ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर एडिट दाबून फुल झूम करून बघा. वळणात ठिपके दाट असले तर पुढं बिनघोर जा, नसले तर त्या पट्ट्यात बाणापेक्षा रस्त्याकडं बघून गाडी चालवा.