ब्रेसेसचा ठणका: लेझर की पॅरासिटामॉल?
राजापूर-लांज्याकडच्या आयांनो, दातांच्या ब्रेसेसची तार घट्ट केली की काही तासांत ठणका लागतो, साधारण 24 तासांनी सगळ्यात जास्त आणि आठवड्याभरात उतरतो. पॅरासिटामॉल स्वस्त, गावातल्या मेडिकलमध्ये मिळतं, आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची दुसरी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको कारण ती प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन कमी करते आणि दात सरकायला तेच लागतं. लेझरमध्ये गोळी नाही, मंद प्रकाश हिरडीवर धरतात, चटका बसत नाही, डोळ्यांना गॉगल हवाच. दुखणं कमी होतं असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण दात लवकर सरकतील म्हणून जास्त पैसे मागितले तर थांबा, त्याचे पुरावे उलटसुलट आहेत. शिवाय त्यासाठी परत परत रत्नागिरी, तेही भर पावसात एसटीने! मी तरी आधी पॅरासिटामॉल नि पेज म्हणेन, गोळ्या चालत नसतील त्यांनी लेझरचं जरूर विचारा.