कानाचं यंत्र, सात महिन्यांनंतर: ऐकू येतं, पण वेगळं होत नाही

इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, म्हणून माझी 31 वर्षं गेली. शेडमध्ये धोट्याच्या खडखडाटात कुणीच कुणाचं ऐकत नाही. ओठांकडे बघायचं, हाताने खुणा करायच्या. त्यामुळे कान कधी गेले ते तिथे कळलंच नाही, कळलं ते घरी. एक्झॉस्ट फॅनखाली लसूण सोलत बसलो होतो, हिने दारातून ओरडून सांगितलं, "अहो, फोडणी लागतेय!" मला ऐकू आलं 'ओढणी'. वाटलं, सुनेची ओढणी चाकात अडकली, मी तसाच उठून खाली तिच्या स्कूटीकडे पळालो. वर येईपर्यंत कढई काळी.

तपासणीचा आलेख बघून मलाच नवल वाटलं. 250 हर्ट्‌झला 20 डेसिबल, म्हणजे जवळपास ठणठणीत. 4000 ला मात्र 65. जाड आवाज शाबूत, बारीक गेले. अ, ओ, आ हे जाड, ते कानात शिरतात. स, श, फ, थ बारीक, ते पंख्याच्या घुंईऽऽखाली दबून जातात. जाड आवाज बारकाला झाकतो हे चांगल्या कानातही होतं म्हणे, खराब कानात जास्त. तपासणाऱ्या बाईंनी चाळणीचा दाखला दिला. आतल्या केसांसारख्या पेशी झिजल्या की चाळणीची भोकं मोठी होतात, मग रवा आणि कोंडा दोन्ही खाली पडतात.

आता यंत्राबद्दल. दोन्ही कानांचे 52,000 गेले, कानामागे बसणारी जोडी. पहिला महिना वाया गेला. दुकानातल्या पोराने सरसकट सगळाच आवाज वाढवून दिला. घरी आलो तर पंखा म्हणजे विमान, आणि माणसं पुन्हा पंख्याच्या आड. स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. दुसऱ्या खेपेला बाईंनी स्वतः बसून जाड पट्टी उतरवली, बारीक चढवली आणि कानातली बंद टोपी काढून भोकांची घातली. मडकं गेलं. तुम्ही नवीन घेत असाल तर ही दुसरी खेप चुकवू नका, खरं काम तिथेच होतं.

फायदा आहे, नाही म्हणत नाही. शांत खोलीत नातवाचं बोबडं बोलणं समजतं. कुकरची शिट्टी आता शेजारच्या घरातलीही ऐकू येते. (याचा उपयोग काय, विचारू नका.) पण शिट्टी संपल्यावर लगेच कुणी बोललं तर पहिला शब्द अजून जातो. जोराच्या आवाजानंतर असा कान जागेवर यायला वेळ लागतो.

सगळ्यात मोठी अडचण दोन माणसं एकदम बोलतात तिथे. टीव्हीवर मालिका, शेजारी ही बोलतेय. बाकीच्यांना मालिकेतल्या श्वासाएवढ्या फटीतून हिचे शब्द टिपता येतात. मला त्या फटी सापडत नाहीत. यंत्र चाळण जोरात हलवतं, भोकं बुजवत नाही. पावसात पत्र्याखाली तर मी ते काढूनच ठेवतो.

त्यातल्या त्यात कामाला येतो तो यंत्राचा समोरचा माईक. समोरचं जास्त घेतो, पाठीमागचं कमी. म्हणून मिसळीच्या हॉटेलात मी भटारखान्याकडे पाठ करून भिंतीकडच्या कोपऱ्यात बसतो, बोलणाऱ्याला समोर बसवतो. लग्नाच्या हॉलमध्ये याचाही उपयोग शून्य. तिथे शेडमधलीच विद्या, ओठ बघायचे.

बॅटरी 312 नंबरची, तपकिरी स्टिकरवाली. मला सहा-सात दिवस पुरते. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच बसवायची. पावसाळ्यात रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत ठेवा, माझं एकदा घामाने बंद पडलं होतं.

हल्ली ही नळ बंद करते, समोर येते, मग बोलते. एक्झॉस्ट फॅन मात्र बंद करू देत नाही.