दोन पोलीस, एक गाडी: जोडगोळीच्या विनोदी पोलीसपटांत काय जमतं, काय खटकतं

जोडगोळीच्या पोलीसपटात गुन्हा कुणी केला याला फारशी किंमत नसते. पैसे वसूल होतात ते गाडीत. पुढच्या दोन सीटवर बसलेली माणसं एकमेकांकडं न बघता, रस्त्यावर नजर ठेवून भांडतात आणि समोरच्या काचेतून दोघंही एकदम दिसतात. एकजण बोलत असताना दुसऱ्याचं वैतागलेलं तोंड दिसणं, हाच इथला विनोद. दिग्दर्शकानं एकदा याचा, एकदा त्याचा असे सुटे क्लोजअप जोडले की तेच संवाद पडतात. म्हणून नवा पिच्चर लावला की गाडीतलं पहिलं भांडण नीट बघावं. तिथं हसू आलं नाही तर पुढं नुसता गोळीबार उरतो.

साचा पक्का झाला तो 1980च्या दशकात. ‘फोर्टी एट अवर्स’मध्ये (1982) निक नोल्टीच्या पोलिसाला 48 तासांपुरता एक कैदी जोडीला मिळतो, एडी मर्फीचा हा पहिलाच सिनेमा. ‘लीथल वेपन’मध्ये (1987) पन्नाशीला आलेला, घरसंसारात रमलेला मर्टॉ आणि बायको गेल्यानंतर जिवावर उदार झालेला रिग्ज एकत्र येतात. दोन्हीकडं जोडी जमते, कारण भांडताना दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. एक शहाणा आणि एक येडा एवढ्यावर भागवलं की अर्ध्या तासात जांभया येतात.

खरी अडचण मध्यंतरानंतर. एकानं दुसऱ्याचा जीव वाचवला की भांडण मिटतं, आणि भांडण हेच इंजिन असल्यानं सिनेमा ढकलत न्यावा लागतो. सिनेमाचा पुढचा भाग (सीक्वेल) काढला तर त्यात रुसवा मुद्दाम उकरून काढावा लागतो. ‘लीथल वेपन’च्या मंडळींनी यावर बरा तोडगा काढला: 1989च्या दुसऱ्या भागात जो पेशीचा बडबड्या लिओ गेट्झ आणून बसवला. आपसातलं भांडण संपलेल्या दोघांना वैताग द्यायला तिसरा मिळाला. तपासाची बाजू मात्र बहुतेक ठिकाणी लंगडीच. वेळ टोमण्यांत गेल्यामुळं खलनायक कोण ते आपल्याला आधी कळतं, पोलिसांना नंतर.

एकच बघायचा असेल तर एडगर राइटचा ‘हॉट फझ’ (2007). लंडनच्या एका पोलिसाची अटकेची आकडेवारी इतकी चांगली, की बाकीचे उघडे पडतात. म्हणून वरिष्ठ त्याला सँडफर्ड नावाच्या खेड्यात धाडतात. आपल्याकडची ‘साइड पोस्टिंग’ ठाऊक असलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथं पळालेला हंस धरणं हीसुद्धा ड्यूटी. कागदपत्रं भरण्याचं काम राइटनं हाणामारीच्या झपाट्यानं, तुकड्या-तुकड्यांत कापलंय, आणि पंचनाम्याच्या कार्बन कॉप्या काढून हात काळे केलेल्या कुणालाही ते आवडेल. शिवाय इथं काही फुकट जात नाही. शेतकऱ्याच्या कोठारात सुरुवातीला सापडलेला जुना समुद्री सुरुंग शेवटी कामाला येतोच. पुन्हा बघताना पूर्वार्ध जास्त हसवतो.

या प्रकाराची सगळ्यात मोठी खोट म्हणजे बडवाबडवीला हशा मागणं. संशयिताला छतावरून लोंबकळत ठेवून कबुली घ्यायची आणि आपण टाळ्या पिटायच्या! ‘बॅड बॉइज 2’मध्ये (2003) तर गाडी गरिबांच्या झोपड्या चिरडत डोंगर उतरते आणि नंतर त्या घरांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. अटकेचं कारण सांगणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करणं आपल्याकडं राज्यघटनेच्या 22व्या कलमात आहे. हे नियम विनोदाला मारत नाहीत, उलट पुरवतात. ‘ट्वेंटी वन जंप स्ट्रीट’मध्ये (2012) आरोपीला त्याचे हक्क वाचून न दाखवल्यामुळं पहिलीच अटक फुकट जाते, आणि सिनेमातल्या चांगल्या विनोदांपैकी तो एक आहे.

भाषेचं बघा. ‘रश अवर’मध्ये (1998) हाँगकाँगच्या इन्स्पेक्टरला (जॅकी चॅन) इंग्रजी येत नाही असं समजून ख्रिस टकर ओरडून ओरडून बोलतो. डबिंगमध्ये दोघंही एकाच घोटीव हिंदीत बोलायला लागले की गंमत गेली. मूळ आवाज ठेवून सबटायटल लावावीत. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे वाटत असतील, तर दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. 5.1 मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक बेसचा स्पीकर धरून केलेला आवाज) बोलणं मधल्या स्पीकरला दिलेलं असतं आणि टीव्हीला दोनच स्पीकर असतात. ऑडिओ स्टिरिओ किंवा पीसीएमवर टाका. ‘क्लिअर व्हॉइस’ असेल तर चालू करा.

मराठीत महेश कोठारे यांनी ‘दे दणादण’मध्ये (1987) लक्ष्मीकांत बेर्डेंना अचाट शक्ती मिळालेला पोलीस केलं. लाल रंग दिसला की ती शक्ती गुल. मात्र तिथं भर चमत्कारावर आहे. खरा माल आपल्याकडं हुद्द्यात पडून आहे. लातूर पॅटर्ननं घोकून पास झालेला कोवळा फौजदार आणि तालुक्यातला प्रत्येक बांध पाठ असलेला जमादार एका जीपमध्ये बसवा. जमादारानं “साहेब” म्हणायचं, पण सूर “काय करायलास रे पोरा” असा. हॉलिवूडचा कॅप्टन बिल्ला आणि पिस्तूल टेबलावर ठेवून घेतो. इथं “कंट्रोल जमा” (काम काढून घेऊन कंट्रोल रूमला बसवणं) एवढे दोन शब्द पुरतात. पाठलाग सोलापूर-धुळे रस्त्यावर, तोही गाळप हंगामात ठेवावा. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला की चोर आणि पोलीस दोघंही त्याच्या मागं वीसच्या स्पीडनं.

घरच्या सगळ्यांसोबत बघायचा तर ‘रश अवर’ त्यातल्या त्यात सौम्य. शेवटी नावं येताना जॅकी चॅनच्या फसलेल्या टेकही आहेत, लगेच बंद करू नये. ‘हॉट फझ’मध्ये रक्त भरपूर, चर्चच्या बुरुजाचा दगड थेट माणसाच्या डोक्यावर पडतो. सँड्रा बुलक आणि मेलिसा मॅकार्थीचा ‘द हीट’ (2013) मुलं झोपल्यावर लावा, त्यातली निम्मी गंमत शिव्यांत आहे.