गोव्यात भाड्याच्या स्कूटरबरोबर मिळणारं हेल्मेट

कळंगुट, बागा, कोलवा किंवा थिवी स्टेशन, कुठेही भाड्याने स्कूटर घ्या, गाडीबद्दल सहसा फारशी तक्रार नसते. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी एवढं मात्र पाहून घ्यावं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी नको, कारण अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. खरी बोंब आहे ती हेल्मेटची.

किल्लीबरोबर हातात येते ती बहुतेक वेळा अर्धी टोपी. आतलं कापड बाजूला करून बोटाने दाबून पाहा. कडक थर्माकोलचा जाड थर लागायला हवा. धक्का तोच शोषतो, स्वतः चिरडून, आणि तेही एकदाच. म्हणून आपटलेलं हेल्मेट वरून रंगवून दिलं तर ते निकामीच. नुसता स्पंज लागला तर ते घालून काही उपयोग नाही. मागे आयएसआयची खूण, आयएस 4151 हा आकडा आणि परवाना क्रमांक असतो. 1 जून 2021 पासून या खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे.

मग पट्टा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत बकलची स्प्रिंग गंजते. लॉक टक् करून बसतं आणि हिसका दिला की सुटतं. लावून दोनदा जोरात ओढा. हनुवटीखाली दोन बोटंच जावीत. नंतर हेल्मेटची मागची कड धरून वर-पुढे ढकला. डोळ्यांवर उतरलं तर माप मोठं आहे, दुसरं मागा. ओरखडे पडलेली काच रात्री घातक ठरते, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा तिच्यावर फाकतो. काळी काच तर अंधार पडल्यावर नकोच.

सर्वांत राग येतो तो दुसऱ्या हेल्मेटसाठी हुज्जत घालावी लागते तेव्हा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194डी नुसार दंड 1000 रुपये आणि लायसन्स तीन महिने अपात्र. दंडाचं एक वेळ सोडा. 2022 साली देशात हेल्मेट नसलेले 50,029 जण दुचाकीच्या अपघातांत मेले, त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्के कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र पडताळून निघालं आहे. भाडं घेणाऱ्याने दोन धड हेल्मेटं न मागता द्यायला हवीत.

गाडीला पाचपैकी चार गुण, हेल्मेटला दीड. आठवडाभर फिरायचं असेल तर म्हापशात किंवा मडगावात स्वतःचं पूर्ण हेल्मेट विकत घ्या. भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवा: साधारण 58 सेंटिमीटर म्हणजे मीडियम, 60 म्हणजे लार्ज, पण कंपनीचा मापाचा तक्ता पाहून घ्या. दोघं असाल तर दोन घ्या.